सेट म्हणजे कोणता सेट?

इंग्रजीतला सगळ्यात मोठा शब्द कोणता, असं विचारलं की हुशार मुलं एका दमात म्हणता येणार नाही असं एखादं लांबलचक वैद्यकीय नाव ठोकून देतात. लांबीच मोजायची तर त्यांचं बरोबरच आहे. पण शब्दकोशात कोण किती जागा अडवून बसलंय हे मोजायला गेलं, तर उत्तर भलतंच निघतं. १९८९ साली ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली. तीत सगळ्यात मोठी नोंद होती ‘सेट’ या क्रियापदाची. इंग्रजीत तीन अक्षरं, देवनागरीत तर दोनच, आणि नोंद साठ हजार शब्दांची! एवढ्यात एक आटोपशीर कादंबरी होते. नुसत्या क्रियापदाचे अर्थ ४३०, आणि त्याच्यामागे अप, ऑफ, इन, आउट अशी शेपटं लागून झालेले वाक्प्रचार धरले तर ५८०च्या घरात.

पुढे हा मान त्याच्याकडे राहिला नाही. तिसऱ्या आवृत्तीचं काम कोशकारांनी ‘एम’ या अक्षरापासून हाती घेतलं आणि एकेक जाडजूड क्रियापद नव्याने लिहून होत गेलं तसा विक्रम मोडत गेला. २००० मध्ये ‘मेक’ पुढे गेलं, २००७ मध्ये ‘पुट’, आणि २०११ मध्ये ‘रन’ने ६४५ अर्थांनिशी सगळ्यांना मागे टाकलं. तरीही माझा ओढा ‘सेट’कडेच. ‘रन’ म्हणजे पळणं; पळणारा दूर कुठे पोहोचला तर त्यात नवल कसलं? ‘सेट’ मुळात जागचा हलत नाही. त्याने हा एवढा गोतावळा बसल्या जागी जमवला, याचं मला जास्त कौतुक.

कौतुकाला पोटापाण्याचंही कारण आहे. मी भाषांतराचं काम करते, पण पुस्तकांचं नाही. ॲपच्या बटणांवर, मनगटी घड्याळांच्या पडद्यांवर, यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांत जे मराठी दिसतं ते कुणीतरी बसून लिहिलेलं असतं, त्या कुणीतरींपैकी मी एक. काम तक्त्यातून येतं. डाव्या रकान्यात इंग्रजी, उजवा रकाना रिकामा. कथा-कादंबरीत शब्द अडला तर मागचं-पुढचं पान वाचता येतं. इथे ओळीला आगाही नसतो आणि पिछाही नसतो. वरच्या ओळीत ‘बॅटरी लो’, खालच्या ओळीत ‘शेअर’, आणि मध्ये दोनच शब्द: ‘अलार्म सेट’.

आता याचं काय करायचं? बटण असेल तर ‘गजर लावा’. बटण दाबल्यावर क्षणभर झळकून जाणारी सूचना असेल तर ‘गजर लावला’. पडद्याच्या कोपऱ्यात कायम दिसणारी खूण असेल तर ‘गजर लावलेला आहे’. आणि निरनिराळ्या आवाजांची यादी असेल तर ‘गजरांचा संच’. चारही अर्थ तितकेच शक्य, कारण हे क्रियापद रूपच बदलत नाही. आज्ञा ‘सेट’, भूतकाळ ‘सेट’, झालेल्या कामाचं विशेषण ‘सेट’, वर नामही ‘सेट’. ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’, ‘शट’ हीही त्याच गोत्रातली. मराठी क्रियापदाला असं मोघम राहताच येत नाही. लाव, लावा, लावला, लावलेला, लावायचा, यांतलं एक काहीतरी ठरवावंच लागतं, शिवाय गजर पुल्लिंगी हेही क्रियापदाच्या टोकाशी सांगावं लागतं. इंग्रजीची मूठ झाकलेली असते, आम्हाला ती उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘हा सेट कोणता?’ असं काम देणाऱ्यांना लिहून विचारलं, तर उत्तर आलं, ‘जसं आहे तसं भाषांतर करा.’ जसं आहे तसं म्हणजे कसं आहे, हाच तर प्रश्न होता.

त्याच तक्त्यात पुढे ‘डेट नॉट सेट’ होतं, म्हणजे तारीख ठरवलेली नाही. मग ‘सेट टू ऑफ थ्री’, म्हणजे व्यायामाची दुसरी फेरी. मग ‘कॅरॅक्टर सेट’, म्हणजे अक्षरांचा संच. आणि ‘सनसेट’, म्हणजे सूर्यास्त. एकाच घड्याळात एका शब्दाची पाच सोंगं. सगळीकडे देवनागरीत ‘सेट’ लिहून मोकळं होण्याची पळवाट असतेच, आणि ती घेणारे पुष्कळ असतात. मला त्यांचा राग येत नाही. शेवटच्या तारखेला सगळेच पळवाटा शोधतात.

या असल्या शब्दांनी जेरीस आलेला पहिला माणूस अर्थातच मी नव्हे. सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत जॉन्सनने एका विशिष्ट जातीच्या क्रियापदांबद्दल रीतसर तक्रार नोंदवली आहे. अर्थ इतका सैल आणि सर्वसाधारण, वापर इतका भोंगळ, की मूळ अर्थापासून फुटलेल्या वाटांचा माग काढणं मुश्कील, असं तो म्हणतो आणि नावं देतो: कम, गेट, गिव्ह, डू, पुट, सेट, गो, रन, मेक, टेक, टर्न, थ्रो आणि आणखी काही. त्यातल्या ‘टेक’चे त्याने स्वतः १३४ अर्थ दिले. आणि पुढे फार सुंदर कबुली दिली आहे. भाषा जिवंत आहे तोवर हे शब्द तासातासाला आपली नाती बदलत राहणार, आणि वादळात हेलकावणाऱ्या झाडांचं पाण्यातलं प्रतिबिंब पाहून त्या राईचं अचूक चित्र काढता येत नाही, तसंच कोशातून यांचं नेमकं रूप पकडता येणार नाही, असा त्याचा आशय. ही यादी आणि ऑक्सफर्डच्या विक्रमवीरांची यादी शेजारी ठेवून पाहा. मेक, पुट, रन, सेट, चौघंही जॉन्सनच्या यादीत हजर आहेत. अडीचशे वर्षांत गुन्हेगार तेच राहिले.

मी मात्र या पसाऱ्यात एक धागा धरून चालते. तो कोशातूनच मिळाला, आणि मराठी माणसाला तो इंग्रजी माणसापेक्षा लवकर सापडावा असा आहे. ‘सिट’ म्हणजे बसणं, आणि ‘सेट’ हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे बसवणं. जुन्या इंग्रजीत ‘सिटन’ आणि ‘सेटन’ अशी ही जोडी होती. आपल्याकडे बसणे-बसवणे, उठणे-उठवणे अशा जोड्या आजही ठणठणीत आहेत, रोज नव्या बनू शकतात. इंग्रजीत ही सोय कधीच मोडीत निघाली. ‘सिट-सेट’, ‘लाय-ले’ (आडवं होणं-आडवं ठेवणं), ‘फॉल-फेल’ (पडणं-पाडणं) असे थोडे अवशेष उरले, आणि त्यांचं आपसांत काही नातं आहे हे बोलणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही. ही सगळी मंडळी आपल्या नात्यातली आहेत, हे आणखी गमतीचं. संस्कृतातला सद् हा धातू, ज्याच्यापासून सदन, संसद, परिषद, उपनिषद निघाले, तो आणि ‘सिट’ एकाच मुळाचे. त्याचं प्रयोजक ‘सादयति’ हा ‘सेट’चा सख्खा चुलतभाऊ. पक्ष्याचं घरटं ते ‘नीड’ आणि इंग्रजी ‘नेस्ट’ हेही याच मुळाचे, दोन्हींत खाली बसणंच लपलेलं आहे. आपलं ‘बसणे’ मात्र वेगळ्या घरचं. ते ‘उपविश्’मधून ‘बैसणे’ होत आलेलं. कूळ वेगळं, पण संसार तोच.

कारण ‘बसवणे’ हाताशी धरून ‘सेट’कडे पाहिलं की निम्मे अर्थ आपोआप उलगडतात. हाड निखळलं तर आपण ते बसवतो, इंग्रजही ‘सेट’ करतो. खडा अंगठीत बसवतो, तोही ‘सेट’ करतो. अंड्यांवर कोंबडी बसवतो, तिथेही ‘सेट’. सोनाराचं काम जवळून पाहिलं तर या क्रियापदाचा गाभाच डोळ्यांसमोर येतो. खडा कोंदणात टाकला की तो तिथे नुसता ठेवलेला असतो. अंगठी उलटी केली तर घरंगळून पडेल. मग सोनार भोवतीची धातूची बारीक कड अवजाराने थोडी थोडी दाबत खड्यावर आणतो, एकदा या बाजूने, एकदा समोरच्या बाजूने, म्हणजे खडा मधोमध राहतो. शेवटचा दाब पडला की खडा बसला. ठेवणं आणि बसवणं यांच्यामधलं अंतर म्हणजे तो दाब. आपापल्या जागी, आणि आता हलायचं नाही: ‘सेट’च्या पोटात एवढंच आहे.

एवढा अर्थ बरोबर घेऊन भटकायला निघालं की बरीच दारं उघडतात. घड्याळाचे काटे बरोबर जागी आणले, सेट. तारीख एकदाची पक्की केली, सेट. छापखान्यात जुळारी शिशाचे खिळे ओळीत जुळवून पक्के करायचा, तेही सेट. शर्यतीत धावपटू गुडघा उचलून पुतळ्यासारखा थांबतो, त्याआधीची आज्ञाही नुसती ‘सेट’. सेटर जातीच्या कुत्र्याला सावजाचा वास आला की तो दबा धरून जमिनीलगत होतो आणि तसाच राहतो. त्याचं नावच त्यावरून पडलं. करवतीचं उदाहरण मला फार आवडतं. करवतीचे दात सरळ रेषेत नसतात, एक किंचित डावीकडे वाकवलेला, पुढचा उजवीकडे. त्यामुळे लाकडात पडणारी चीर पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद होते आणि पातं अडकत नाही. दातांच्या त्या वाकवण्याला सुतारकामाच्या इंग्रजीत ‘सेट’ म्हणतात. करवत जुनी झाली की धार लावतात तसा तिला सेटही पुन्हा द्यावा लागतो. समुद्रावर प्रवाह ज्या दिशेने जहाजाला नेतो ती दिशा म्हणजे ‘सेट’. इथे कोण कुठे बसलं, असं विचाराल तर मीही खांदे उडवीन. धागा धरून चाललं म्हणजे प्रत्येक घराशी पोहोचतंच असं नाही.

सूर्य मात्र पोहोचतो. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला एक शब्द होता, ‘सेटलगँग’. ‘सेटल’ म्हणजे आसन, ‘गँग’ म्हणजे जाणं. दिवसभर उभा असलेला सूर्य बैठकीकडे निघाला, अशी ती कल्पना. आपल्याकडे तो मावळतो, बुडतो, अस्ताला जातो, पण बसत नाही. बसायच्या गोष्टी आपल्याकडे इतर पुष्कळ आहेत: घसा बसतो, धंदा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, भिंत बसते, आणि काम सोडून माणूस फोन बघत बसतो. उद्या एखाद्या कोशकाराने ‘बसणे’ची नोंद ऑक्सफर्डच्या नेटाने लिहायला घेतली तर ‘रन’चंही काही खरं नाही.

क्रियापदाचं हे झालं. नामाची कहाणी निराळी आहे, आणि ती कळली तेव्हा मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या. संच या अर्थाचा ‘सेट’ मुख्यतः बसण्यातून आलेला नाहीच. तो आला जुन्या फ्रेंचमधल्या ‘सेट’ या शब्दावरून, आणि तो लॅटिनच्या ‘सेक्टा’वरून. सेक्टा म्हणजे पंथ, एकाच्या मागून चालणारी मंडळी. त्यातलं मूळ क्रियापद ‘मागून जाणे, सोबत जाणे’ या अर्थाचं. संस्कृतात त्याचा भाऊबंद म्हणजे सच्, सोबत असणे. ‘सचिव’ या शब्दात तोच आहे, कारण सचिव म्हणजे मुळात सोबती. तेव्हा ‘सेट’ क्रियापदाचे पाहुणे संसदेत, आणि ‘सेट’ नामाचे सचिवालयात! दोन वेगवेगळ्या कुळांतले शब्द एका उच्चाराच्या घरात राहायला आले, पुढे एकमेकांचे कपडे वापरू लागले, आणि आता कुणाचा सदरा कुणाच्या अंगात हे सांगणं कोशकारालाही जड जातं. टेनिसचा सेट, गणितातला सेट, कपबशांचा सेट या ‘सेक्टा’च्या बाजूचे. नाटकाच्या रंगमंचावर उभारलेला सेट त्या बसवण्याच्या बाजूचा. टीव्हीचा सेट नेमका कुठला, यावर वाद घालायला मी तयार आहे, पण निकाल द्यायला नाही.

आता शेपटांचा विषय. इंग्रजी शिकणाऱ्याला खरा घाम इथे फुटतो. ‘सेट ऑफ’ म्हणजे निघणं, फटाका उडवणं, एखादा रंग दुसऱ्यामुळे खुलवणं, आणि हिशेबात वजावट करणं. ‘सेट अप’ म्हणजे उभारणं, आणि एखाद्याला गोत्यात आणायचा बेत रचणं, आणि दोघांची ओळख घडवून आणणं. ‘सेट बॅक’ म्हणजे मागे ढकलणं, आणि खर्चात पाडणं. याद्या पाठ करून हे जमत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत या याद्या छापणाऱ्यांनाही ते जमत नसावं.

पण ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटायला हवा. ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥’ उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो. हृ धातू एकच, म्हणजे नेणे. पण प्रहार म्हणजे मारणं, आहार म्हणजे जेवण, संहार म्हणजे नाश, विहार म्हणजे भटकणं. आपल्या पूर्वजांनी ही जबरदस्ती शब्दाआधी उभी करून दाखवली, इंग्रजांनी शब्दामागे. फरक इतकाच की संस्कृतात उपसर्ग धातूला चिकटून एकजीव होतो, तर इंग्रजीत तो सुटा राहतो आणि मध्ये कर्मालाही बसू देतो. म्हणून आहार-विहार कुणाला अवघड वाटत नाही, आणि ‘सेट अप’ वाटतं.

यातला ‘सेट इन’ तर स्वतंत्र लेखाचा धनी आहे. अर्थ साधा: एखादी गोष्ट सुरू होणं आणि मुक्काम ठोकणं. जॉन सिंक्लेअर या भाषाशास्त्रज्ञाने संगणकावर जमवलेल्या खऱ्या इंग्रजी मजकुरात हा वाक्प्रचार कुणाकुणाच्या संगतीत येतो ते तपासलं, आणि १९९१ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की ‘सेट इन’ होणाऱ्या गोष्टी जवळजवळ सगळ्या नकोशा असतात. कुज, सड, निराशा, मरगळ, वाईट हवा. आनंद ‘सेट इन’ होत नाही. हे मुळात इंग्रजी बोलणाऱ्याला विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं, पण वापरताना तो चुकत नव्हता. आपल्याकडचा ‘ओढवणे’ घ्या. संकट ओढवतं, प्रसंग ओढवतो, नामुष्की ओढवते. बढती ओढवली असं कुणी म्हणालं तर आपण हसतो, किंवा त्याच्या साहेबांबद्दल चौकशी करतो. ‘बळावणे’ही तसाच: रोग बळावतो, संशय बळावतो, तब्येत काही बळावत नाही. अशा शब्दांचा अर्थ त्यांच्यात कमी आणि त्यांच्या संगतीत जास्त असतो. कोश तो तोडून, धुऊन, कोरडा करून आपल्या हातात देतो, त्यामुळे संगतीचा वास निघून जातो.

म्हणूनच समानार्थी शब्द या प्रकाराबद्दल मला पहिल्यापासून संशय आहे. पीटर मार्क रॉजे हा पेशाने डॉक्टर. १८०५ साली त्याने स्वतःच्या लिखाणाच्या सोयीसाठी शब्दांची एक वर्गवार वही केली होती. निवृत्तीनंतर ती वाढवून १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याने हजारएक कल्पनांच्या मथळ्यांखाली इंग्रजी शब्द लावून दिले. तेच ते जगप्रसिद्ध पुस्तक, समानार्थी शब्द शोधायला सगळे जे उघडतात. पण कुठलेही दोन शब्द सर्व बाबतींत एकाच अर्थाचे आणि म्हणून अदलाबदल करण्याजोगे सापडणं जवळपास अशक्यच, हे रॉजे स्वतः जाणून होता आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं. त्याचं पुस्तक शेजारपाजार दाखवतं. आपण शेजाऱ्याला जुळा भाऊ समजतो.

‘सेट’ला शेजारी देतात ते पुट, प्लेस, ले, फिक्स. मेजावर फुलदाणी ‘पुट’ केली म्हणजे ठेवली, विषय संपला. ‘ले’ केली तर ती आडवी आहे. ‘प्लेस’ केली तर ठेवणाऱ्याने जरा मागे सरून डोळे बारीक करून पाहिलंय. ‘सेट’ केली तर तिथेच राहण्यासाठी ठेवलीय. ‘फिक्स’ केली असेल तर आता ती उचलायला पकड लागेल. मराठीत हीच परीक्षा पुस्तकांवर करून पाहा. पुस्तकं कपाटात ठेवली, म्हणजे जमिनीवरून उचलली एवढंच कळतं. लावली म्हटलं की त्यांना काही क्रम आला. मांडली म्हटलं की ती कुणीतरी पाहावीत अशी इच्छा आली. आणि बसवली म्हटलं की कपाट लहान आहे आणि कुणीतरी बराच घाम गाळलाय, हे न सांगता कळतं. चारही शब्द कोशात एकमेकांसमोर ‘समानार्थी’ म्हणून बसतील. बदलून पाहिलं की खोलीतलं चित्रच पालटतं.

जाणकारांच्या जगात तर समानार्थी दिसणाऱ्या शब्दांतली भिंत आणखी जाड होते. सिमेंट वाळलं, सेट झालं, कडक झालं, हे आपल्याला एकच. बांधकामाच्या अभियंत्याला नाही. सिमेंट वाळून घट्ट होतच नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते घट्ट होतं, म्हणून ते पाण्याखालीही घट्ट होतं आणि म्हणूनच त्यावर पाणी मारत राहावं लागतं. त्यातही त्याचा मऊपणा जाऊन ते आकार धरतं ती पहिली अवस्था म्हणजे ‘सेट’ होणं, आणि ती काही तासांची असते. त्यानंतर ताकद येत जाते ते ‘हार्डन’ होणं, आणि ते आठवडेच्या आठवडे चालतं. काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद रिवाजाने २८ दिवसांनी तपासतात ती त्यासाठी. सेट झालेल्या स्लॅबखालचे टेकू कुणी ‘घट्ट झालं की’ म्हणून काढले, तर समानार्थी शब्दांची किंमत तिथल्या तिथे कळेल.

मग बिचाऱ्या दोन-तीन अक्षरी शब्दांवरच एवढं ओझं का? जॉर्ज झिप्फ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ मध्ये याचा हिशेब मांडला. जो शब्द जास्त वापरला जातो त्याचे अर्थही जास्त, आणि ही वाढ साधारण वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. कारणाबद्दल मला गणितापेक्षा तक्त्याचा अनुभव पुरेसा वाटतो. वापरून वापरून शब्द गुळगुळीत होतो, त्याचं स्वतःचं म्हणणं थोडंच उरतं, आणि उरलेलं शेजारचं नाम पुरवतं. गजर म्हटला की ‘सेट’ला लावावं लागतं, तारीख म्हटली की ठरवावं लागतं, सापळा म्हटला की पुन्हा लावावं लागतं, परीक्षेचा पेपर म्हटला की काढावा लागतो, उदाहरण म्हटलं की घालून द्यावं लागतं, पायंडा म्हटला की पाडावा लागतो. ४३० हा आकडा त्यामुळे मला जरा संशयास्पदच वाटतो. अर्थ ४३० आहेत की एकाच अर्थाच्या कोशकाराने ४३० फोडी केल्या? सुरी बारीक असली तर ६०० होतील, बोथट असली तर चाळीसही पुरे. इंग्रजी बोलणारं पाच वर्षांचं पोर यातलं काही न मोजता टेबल सेट करतं.

राहता राहिला आपला मराठीतला ‘सेट’. तो आता पाहुणा राहिलेला नाही. केस सेट करतात, फर्निचरचा सेट घेतात, शूटिंगच्या सेटवर जातात, इथवर इंग्रजाला कळेल. ‘पोरगा आता सेट झाला’ इथे मात्र तो अडखळेल, कारण त्याच्याकडे त्यासाठी ‘सेटल’ आहे, आणि आपण ते वापरतोच असं नाही. ‘आपलं सगळं सेट आहे’ हे वाक्य तयारी झाली असं सांगतं, चिंता नको असं सांगतं, आणि मला विचारत बसू नका असंही सांगतं. शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी यावर डोळे वटारू नयेत असं मला वाटतं. तक्त्यात मी स्वतः क्रियापदासाठी शक्यतो ‘सेट करा’ लिहीत नाही, कारण लावा, ठरवा, निवडा, बसवा हे चार शब्द हाताशी असताना एकच ढोल बडवायचा कशाला? पण टेनिसचा आणि व्यायामाचा सेट मी सेटच ठेवते. तिथे ‘संच’ लिहिलं तर घाम गाळणाऱ्या माणसाला कपबशा आठवतील.

आणि ‘सेटिंग’ ही तर खास आपली कमाई. फोनच्या ‘सेटिंग’मध्ये जाऊन आवाज कमी करणं हा तिचा सोज्वळ अर्थ. त्या जागी ‘मांडणी’, ‘जुळणी’, ‘रचना’ असं काय काय सुचवून झालं. पण मांडणी दुकानाची असते, जुळणी सुट्या भागांची, रचना कवितेची. लोकांनी ‘सेटिंग’च ठेवलं. दुसरा अर्थ कुठल्याच माहितीपत्रकात येत नाही. ‘त्याची आत सेटिंग आहे.’ ‘त्या दोघांचं सेटिंग आहे.’ ‘काळजी करू नको, सेटिंग लावलीय.’ पहिल्या वाक्यात संगनमत, दुसऱ्यात प्रेमप्रकरण, तिसऱ्यात वशिला. लिंगही पाहा, संगनमत आणि वशिला असेल तर ती सेटिंग, प्रेम असेल तर बहुतेक वेळा ते सेटिंग. हे कुणी ठरवलं देव जाणे. कुणी, कुणाशी, काय ठरवलं हे सांगायचं नसतं तेव्हाच हा शब्द बाहेर निघतो, आणि त्याची संगत सिंक्लेअरच्या ‘सेट इन’पेक्षा काही बरी नाही. अभ्यास करून पहिल्या क्रमांकाने निवड झालेल्या मुलीला ‘तुझी सेटिंग होती वाटतं’ असं म्हणून पाहा. ती भांडायलाच उठेल, आणि तिचं बरोबर असेल.